जुनी जपानी फोर-बाय-फोर घेताय? आधी तिचा तालुका विचारा

आपल्याकडे जुनी गाडी बघायला आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? बोनेटवर बोटाच्या पेरानं टकटक. पत्रा टणक वाजला की मान डोलावतो, पातळ वाजला की तोंड वाकडं. या परीक्षेत मारुती-सुझुकीची जिप्सी कायम नापास. दारं खडखडतात, पत्रा हातानं दबेल असा, आणि पावसाळ्यात समोरच्या काचेच्या रबरातून थेंब नेमके गुडघ्यावर पडतात. तरी सैन्यानं हीच गाडी वर्षानुवर्षं डोंगरात, वाळवंटात, बर्फात पळवली.

म्हणजे बांधणी देखणी असणं आणि गाडी टिकाऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानी ऑफ-रोड गाड्यांचं नाव झालं ते दुसऱ्या गोष्टीमुळे. इंजिनातून पिळून ताकद काढायची नाही, शिडीसारखी भक्कम चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, द्यायची, आणि जो पार्ट एका गाडीत वर्षानुवर्षं टिकला तोच दुसरीत वापरायचा. जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं. टोयोटा फॉर्च्युनरची चासी इनोव्हा आणि हायलक्सच्या नात्यातली. टोयोटाची लँडक्रूझर ७० मालिका १९८४ साली आली आणि आजही बनते आहे.

पण जपानी आहे म्हणून गंजत नाही, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चासी इतक्या सडल्या, की २०१६ मध्ये कंपनीला ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करावी लागली. तिकडं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याच कंपनीच्या गाड्या कोरड्या वाळवंटी देशांत मात्र मजेत पळतात. इंजिन जपानमध्ये ठरतं, पण चासीचं आयुष्य गाडी जिथं राहते तिथली हवा ठरवते.

पहिलं काम: गाडी कुठं वाढली ते काढा

आपला सातारा जिल्हा या बाबतीत अजब आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिकडं माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्हीकडच्या गाड्यांवर नंबर एमएच-११ चाच. म्हणून नंबरप्लेट बघून काही कळत नाही. आरसीवरचा पत्ता बघा, आणि गाडी प्रत्यक्षात कुठं उभी असायची ते विचारा. पत्ता साताऱ्यातल्या गोडोलीचा आणि गाडी दहा वर्षं तापोळ्याच्या रिसॉर्टवर, असं सर्रास असतं.

माझी स्वतःची पसंती अशी: दहिवडी, म्हसवड, वडूज, आणि सांगलीकडं जत, आटपाडी इथली गाडी पहिली बघायची. रंग उडालेला असेल, सीटा उन्हानं फाटलेल्या असतील, रबरं तडकलेली असतील. ते सगळं पैशानं सुधारतं. चासी सुधारत नाही. त्यानंतर सातारा, कराड, वाई. जावळी, महाबळेश्वर आणि पाटणच्या पश्चिम भागातली गाडी बघायची ती खालून पूर्ण तपासूनच. आणि कुंभार्ली किंवा आंबेनळी घाट उतरून खाली कोकणात राहिलेली असेल तर खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा धरायचा. एमएच-०८ ची, म्हणजे रत्नागिरीकडची, चकचकीत गाडी बघून मी आता हरखत नाही.

दिल्ली पासिंगच्या फॉर्च्युनर आणि मित्सुबिशी पजेरोही इकडं खूप येतात. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे गंडांतर आलं, म्हणून लोकांनी त्या बाहेर विकल्या. तिकडची हवा कोरडी असल्यानं खालून त्या बऱ्याचदा स्वच्छ निघतात. पण एनओसी खरी आहे का, मूळ कर्ज फिटलंय का, आणि इथला रोड टॅक्स कोण भरणार, हे टोकन देण्याआधी मिटवा. टोकन दिल्यावर एजंटाचा फोन लागत नाही.

सांगलीच्या गाडीला एक प्रश्न जास्तीचा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही कुठं होती? त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैतही पूर आला. मालक सांगेल, "आमच्या गल्लीत पाणी आलंच नव्हतं." असू शकतं. तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग रोज हाताळला जातो, पण शेवटची वीतभर पट्टी कधी बाहेर येत नाही. तिथं गाळाची पिवळी रेघ दिसली की समजा. सीटच्या रुळांचे नटबोल्ट, डॅशबोर्डच्या मागची वायरिंग आणि जॅक ठेवायच्या कप्प्याचा तळ बघा. कार्पेट नवं कोरं आणि बाकी गाडी जुनाट, हेही लक्षणच. जिप्सीत इलेक्ट्रॉनिक्स थोडं, ती यातून सावरते. फॉर्च्युनर किंवा मारुतीची जिम्नी पुरात बुडालेली असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडा.

दुसरं काम: गाडीखाली आडवं व्हा

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथंच मी फसलोय.

माझी पहिली जिप्सी मी एका मध्यस्थाकडून घेतली. खालून काळं कोटिंग असं चकचकीत, की मला वाटलं मालकानं पोटच्या पोरासारखी जपलीय. दुसऱ्या पावसाळ्यात बामणोलीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात मागून 'खाड' आवाज आला आणि गाडी एका बाजूला बसली. मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे झुलती कडी, ज्या ब्रॅकेटला लागतो, तो ब्रॅकेट चासीतून उपटून आला होता. लाकडी ओंडका आणि साखळी लावून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत साताऱ्यात आणली. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर घेतला, काळ्या कोटिंगवर टेकवला आणि हलकंच दाबला. मुठीपर्यंत आत गेला. कोटिंगच्या आत पुट्टी, पुट्टीच्या आत डब्याचा पत्रा, आणि त्याच्या आत काहीच नाही. मिस्त्री म्हणाला, "मालक, ही चासी न्हाय, नानकटाई हाय."

तेव्हापासून मी गाडी बघायला जाताना पाच वस्तू नेतो: टॉर्च, लहान हातोडी, जुना स्क्रू ड्रायव्हर, लोहचुंबक आणि अंथरायला गोणपाट. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगतो, गाडी धुऊ नका. धुतलेल्या गाडीवर ऑइलची गळती दिसत नाही.

खाली गेल्यावर पुढून मागं जायचं. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर वीतभर अंतरानं हातोडी टेकवत जा. चांगलं लोखंड 'टण्ण' वाजतं, सडलेलं किंवा पुट्टी भरलेलं 'थप्प'. कानाला फरक लगेच कळतो, शिकवावा लागत नाही. मग चुंबक लावा; जिथं तो धरत नाही तिथं लोखंड नाही. चार जागा मात्र सोडू नका. मागच्या ॲक्सलवर चासी जिथं वर उचललेली असते ती कमान, कारण चिखल तिथंच साठतो. पाट्यांचे ब्रॅकेट. बॉडी ज्या रबरांवर बसते ते माउंट. आणि डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या वरची बाजू, जिथं हात जात नाही म्हणून कुणी साफ करत नाही. चासीला पाणी निचरायला भोकं असतात. त्यात स्क्रू ड्रायव्हर फिरवा. कोरडी माती पडली तर ठीक, तांबडे पापुद्रे पडले तर आतून सडणं सुरू झालंय.

वरवरचा तांबूस गंज बघून घाबरू नका. तो लोखंडाचा रंग आहे, तारेच्या ब्रशनं निघतो. भीती धरायची ती थरांच्या गंजाची, जो पातळ पोळीसारखा सुटतो. आणि वेल्डिंग बघा. कंपनीचं वेल्डिंग सरळ, एकसारखं असतं. गल्लीतलं वेल्डिंग जिलेबीसारखं. चासीवर कुठंही जिलेबी दिसली की विचारा, इथं काय झालं होतं?

आणखी एक सोपी चाचणी, जी फारसं कुणी करत नाही. चासी नंबर जिथं पंच केलाय तिथं कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओचे एजंट घेतात तशी छाप घ्या. आकडे स्वच्छ उठले पाहिजेत आणि आरसीशी जुळले पाहिजेत. गंजानं आकडा खाल्ला असेल तर गाडी नावावर करताना आणि पासिंगला डोकेदुखी तुमच्याच वाट्याला येणार.

जिप्सीत बॉडीच्या पत्र्याचंही बघा: पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या वरच्या कमानी, काचेच्या फ्रेमचा तळ. पण हे सडलेलं असलं तर भाव पाडा, गाडी सोडू नका. पत्रा बदलता येतो.

तिसरं काम: इंजिन, थंड असताना

गाडी बघायला जाल तेव्हा बोनेटला हात लावा. कोमट असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवलीय. चहा प्या, तासभर गप्पा मारा, मग चालू करा. पहिल्या धुरात सगळं कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडं (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या सीलकडं) संशयानं बघा. डिझेलला जोर देताना थोडा काळा धूर चालतो. ऑइल भरायचं झाकण उघडा: आत पिवळट मलईसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. महाबळेश्वरच्या थंडीत फक्त दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत थोडी मलई दिसू शकते, म्हणून डिपस्टिकही बघून खात्री करा.

किलोमीटरचा आकडा हा मी शेवटी वाचतो. मीटर मागं फिरवणं पोरखेळ झालाय. क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची उजवी कड आणि गिअरच्या दांड्याची मूठ खोटं बोलत नाहीत.

आता गाडीगणिक. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, म्हणजे २००९ ते २०१६, तीन लिटर डिझेलची: हिला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हांची वेळ सांभाळणारा पट्टा, आहे. वेळ झाली की डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो, पण तो दिवा बेल्ट न बदलताही विझवता येतो. त्यामुळे दिवा बघू नका, बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किंमत लावा. याच इंजिनात इंजेक्टरच्या खालची तांब्याची सील गळू लागली की जळका वायू ऑइलमध्ये जातो, काजळी तयार होते आणि तळाशी ऑइल ओढणारी जाळी तुंबते. थंड इंजिन चालू करताना खडखड आणि 'फुस-फुस' आवाज येत असेल तर इंजेक्टर तपासून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. २०१६ च्या अखेरीस आलेल्या २.८ लिटरच्या फॉर्च्युनरला बेल्टऐवजी चेन आहे.

पजेरो एसएफएक्सचं २.८ लिटरचं इंजिन भलतं दणकट, त्यालाही चेनच. डकार रॅली बारा वेळा जिंकणारं हे नाव. पण कंपनीनं इथला कारभार गुंडाळल्यात जमा आहे, आणि एखाद्या छोट्या सेन्सरसाठी गाडी महिना-महिना उभी राहते. घरात दुसरी गाडी असेल तरच पजेरो घ्या. इसुझू व्ही-क्रॉस पिकअप शेतीवाल्याला उत्तम, पण सर्व्हिससाठी जवळचं ठिकाण कुठलं ते आधी बघा.

जिप्सी १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ पासून १३०० सीसी, आणि २००० साली एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारं. घ्यायची तर एमपीएफआयच घ्या, डोंगरात कार्ब्युरेटरशी भांडत बसायची हौस असल्याशिवाय जुनी नको. सैन्याच्या लिलावातली असेल तर इंजिन बहुधा नियमित सर्व्हिस झालेलं असतं, मात्र कागदपत्रं पूर्ण आहेत का ते बघा. जिम्नी इथं २०२३ च्या जूनमध्ये आली. पाच दारांची ही गाडी गुरुग्रामला बनते आणि २०२५ पासून चक्क जपानला जाते. तिकडं इतकं बुकिंग झालं की चार-पाच दिवसांत घेणं थांबवावं लागलं. जपानी गाडी म्हणजे जपानमध्ये बनलेली, हा समज तिथंच संपला. ती अजून तरुण आहे. दीर्घ पल्ल्याचं तिच्याबद्दल बोलायला आणखी दहा पावसाळे जाऊ देत.

चौथं काम: चारही चाकं खरंच ओढतात का

जिप्सी, जिम्नी आणि नवी फॉर्च्युनर यांचं फोर-व्हील डांबरी रस्त्यावर तपासू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत पुढचा-मागचा ॲक्सल सरळ जोडला जातो आणि डांबरावर चाक घसरून फरक भरून निघत नाही. मग गाडी आखडते आणि भार सगळा गिअरवर येतो. पहिल्या पिढीच्या फोर-बाय-फोर फॉर्च्युनरमध्ये चारही चाकांना कायम जोर जातो, तिला हा नियम नाही.

बांधाकडची मऊ वाट शोधा. चालू गाडीत फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाका. मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून फोर-एल (चारही चाकांना जोर, पण संथ आणि ताकदीचा). दांडा ओढायला दोन हात लागत असतील तर ही गाडी कित्येक वर्षांत फोर-व्हीलमध्ये गेलीच नाही. काही जिप्सींना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक ॲक्सलला जोडणारं कुलूप) असतात, ते फिरतात का बघा. लो गिअरमध्ये हळू चढावर चढवा आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडा: 'कडक्' आवाज आला तर क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले दातेरी गिअर) किंवा जॉइंट झिजलाय. जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, चाक वळवणाऱ्या गोळ्यासारख्या सांध्यावर (नकलवर), ऑइल आणि धुळीचा लगदा दिसला तर तिथली सील गेलीय. काम अवघड नाही, पण चिखल आत गेला असेल तर त्या सांध्याच्या खिळीची, किंगपिनची, बेअरिंगंही जातात. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खेळ लगेच कळेल.

घेतल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात सगळी ऑइलं बदला, मालक काहीही सांगो. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), पुढचा डिफ (डिफरन्शियल, ॲक्सलमधला गिअरचा डबा), मागचा डिफ, ब्रेक ऑइल, कूलंट. डिफचं ऑइल काढाल तेव्हा वाटीत घेऊन बघा. चहासारखं दुधाळ असेल तर गाडी पाण्यात गेलीय.

हे पाणी आत कसं जातं ते समजून घ्या, कारण आपल्याकडच्या ओढ्यांत हे रोज घडतं. गाडी घाट उतरून येते, ॲक्सलचं हौसिंग तापलेलं असतं. तशीच ती थंड पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत ओढलं जातं. उपाय दोन. ओढ्याआधी दहा मिनिटं थांबा. आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर, इंजिनच्या खणात नेऊन बांधा. माझ्या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच.

मे महिन्यात चासीच्या आत, त्या निचऱ्याच्या भोकांतून, पोकळीत मारायचं मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या. आपल्याकडं जुनं इंजिन ऑइल मारायची पद्धत आहे. गंज थांबतो, पण बुशची रबरं फुगतात आणि घरासमोरची फरशी काळी होते. मी करत नाही. बाहेरून जाड डांबरी कोटिंग तर मुळीच नको. त्याच्याखाली पाणी अडकलं की काय होतं ते वर सांगितलंच.

जावळीकडच्या तांबड्या चिखलातून आलात की त्याच संध्याकाळी खालून पाणी मारा, आणि पाइप चासीच्या भोकात घालून आतून धुवा. बाहेर गढूळ पाणी येतं, येऊ द्या, स्वच्छ होईपर्यंत. गाडी गवतावर उभी करू नका, फरशीवर करा. पावसाळ्यात दर महिन्याला फोर-व्हील एकदा लावून दोनशे मीटर चालवा, नाहीतर दांडा परत जाम होतो.

पेट्रोलवाल्या जुन्या जिप्सींना एक सूचना. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल आहे. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं बरं दिसत नाही, पण जुने रबरी पेट्रोल पाइप त्याला सोसत नाहीत आणि इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. पाइप आणि फिल्टर बदलून टाका, आणि गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. बीएस-६ डिझेलवाल्यांनी आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास सलग पळवावी. गावातल्या गावात फिरवून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो आणि त्याचं बिल मोठं असतं.

मोठे टायर, उंच सस्पेन्शन असले शौक मी टाळतो. मोठ्या टायरनं जिप्सीच्या ॲक्सलवर तिच्या ताकदीबाहेरचा भार येतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. आणि फोर-बाय-फोर आहे म्हणून कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चाक घालू नका. ती फुलं दगडावरच्या दोन बोटं मातीत उगवतात, आणि आपल्या टायरची खाच तिथं अनेक पावसाळे राहते.

कागदांचं थोडक्यात: सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे), कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, चालू विमा, पीयूसी. पंधरा वर्षं झाली असतील तर फेरनोंदणी आणि हरित कर कुणी भरायचा ते व्यवहाराच्या चिठ्ठीतच लिहा. फेरनोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी होते, आणि तपासणीला गाडी नेण्याआधी तिचा चासी नंबर तारेच्या ब्रशनं घासून, वर थोडं ग्रीस लावून ठेवा.